त्याच पानावरचं पुढचं वाक्य

पियानोच्या नावाजलेल्या रचनांबद्दल ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यातल्या निम्म्या खोट्या असतात आणि उरलेल्यांची खात्री कोणी देत नाही. क्लास सुरू केला तेव्हापासून मला हे माहीत होतं. तरी मी त्या सांगत राहिलो. त्यातल्या एका गोष्टीपायी माझ्या पुतणीचं बोट गेलं. हे एवढं वाक्य लिहायला मला अकरा वर्षं लागली, त्यामुळे पुढचं जरा सावकाश सांगतो.

क्लास डोंबिवली पूर्वेला, माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. दिवसा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात नोकरी, संध्याकाळी मुलं. तीन कीबोर्ड आणि एक जुना उभा पियानो. तो गॅलरीतून दोरखंडाने वर चढवलेला. नंतर गॅलरीला ग्रिल बसलं आणि जिना तर मुळातच अरुंद, त्यामुळे आता तो बाहेर निघू शकत नाही. मी लग्न केलं नाही. दादा-वहिनी त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर, आणि माझं रात्रीचं जेवण पहिल्यापासून त्यांच्याकडे. दादाची मुलगी म्हणजे ही पुतणी.

आपल्याकडे गाण्याला शब्द लागतात. नुसतं वाजवलेलं ऐकून पालक अस्वस्थ व्हायचे. भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवून सोफ्यावर बसलेल्या आया विचारायच्या, "सर, छान वाजवते हो, पण हे नक्की काय आहे?" एका आजोबांनी पूर्ण तुकडा डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "सगळं ठीक. पण हा माणूस समेवर कधी येणार?"

मग मी गोष्टी सांगायला लागलो. तो बहिरा संगीतकार चांदण्यात फिरायला निघाला, एका गरिबाच्या घरातून वाजवण्याचा आवाज आला, आत आंधळी मुलगी, आणि तिला चांदणं दिसावं म्हणून त्याने ती रचना तिथल्या तिथे वाजवली. आया डोळे पुसायच्या. खरं म्हणजे त्या रचनेला चंद्राचं नावसुद्धा त्याने दिलेलं नव्हतं. तो गेल्यावर कोणा समीक्षकाला ती ऐकून तळ्यावरचं चांदणं आठवलं, तेवढंच. गाडी रिव्हर्सला टाकली की जी धून वाजते, ती ज्या बाईसाठी लिहिली ती कोण होती यावर अजून एकमत नाही. मी ठोकून द्यायचो की तिने त्याला नकार दिला. चौदा वर्षांच्या मुलांना ते फार आवडायचं. आजारी संगीतकाराने बेटावर बसून छपरावरच्या पावसाचे थेंब टिपले, हेही सांगायचो. थेंबांचं कोणी म्हटलं की तो स्वतः चिडायचा, ते वगळायचो. एका रशियन रचनेबद्दल तर असं सांगितलं जातं की ती वाजवणारा वेडा होतो. ती मी शिकवतच नसे, फक्त गोष्ट सांगायचो.

ही खोड घरातली. आमच्या वडिलांना तबल्याचं वेड. जेवताना ते आम्हा दोघा भावांना उस्तादांच्या रियाजाच्या गोष्टी सांगायचे. झोप येऊ नये म्हणून कोणी केस खुंटीला बांधले, कोणी चाळीस दिवस खोलीबाहेर आलं नाही, कोणाच्या बोटांतून रक्त आलं. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी त्या माणसाला सिद्धी मिळायची. ज्यांचे हात कायमचे गेले त्यांच्याबद्दल वडील कधी बोलले नाहीत. तसे लोक नसतील असं नाही. त्यांच्या गोष्टी होत नसाव्यात.

आता मूळ मुद्दा. टेबलावर पंजा पालथा ठेवा आणि एकेक बोट उचलून बघा. अंगठीचं बोट सगळ्यात कमी उचललं जातं, कारण आतून ते शेजारच्या बोटांना जोडलेलं असतं. पियानोच्या भाषेत ते चौथं बोट. शिकणारा प्रत्येक जण त्याच्याशी भांडतो. ठाण्याला जुन्या पुस्तकांच्या गाडीवर मिळालेल्या एका पुस्तकात मी वाचलेलं, की एका जर्मन संगीतकाराला तरुणपणी जगातला पहिल्या नंबरचा वादक व्हायचं होतं. चौथं बोट ऐकेना. म्हणून त्याने ते दोरीने वर ओढून धरणारं काहीतरी बनवलं आणि तसं बांधून तो तासन् तास सराव करायचा.

पुढचं वाक्य त्याच पानावर होतं. बोट कायमचं निकामी झालं, वादक व्हायचं राहिलं आणि तो संगीत लिहिण्याकडे वळला. खाली बारीक अक्षरात असंही होतं, की काहींच्या मते दोष औषधाचा, काहींच्या मते आजाराचा. म्हणजे दोरीची गोष्टसुद्धा ऐकीवच. सगळं मी वाचलेलं.

क्लासचा वार्षिक कार्यक्रम एका शाळेच्या छोट्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी असायचा. निवेदन मीच करायचो. प्रत्येक तुकड्याआधी एक किस्सा. त्या वर्षी एक मुलगा त्या जर्मन माणसाची एक छोटी रचना वाजवणार होता. मी माईकवर त्याच्या चौथ्या बोटाचं सांगितलं, दोरीचं सांगितलं आणि थांबलो. कुठे थांबायचं ते मला बरोबर कळतं. मग म्हणालो, "आणि त्यानंतर त्या माणसाने असं संगीत लिहिलं, की आज इतक्या वर्षांनी आपल्या डोंबिवलीतली मुलं ते वाजवतायत."

टाळ्या पडल्या. यातला एकही शब्द मी रचलेला नव्हता. एक वाक्य मी गाळलं, कारण त्या वाक्यानंतर कोणी टाळ्या वाजवल्या नसत्या.

पुतणी पहिल्या रांगेत बसलेली. वय चौदा. मी शिकवलेल्या मुलांत तिच्याइतका कान कोणाला नव्हता. विलायतेतल्या बोर्डाची परीक्षा महिन्यावर आलेली आणि मी तिला रोज टोचत होतो, "डाव्या हाताचं चौथं बोट झोपलेलं आहे तुझं. उठव त्याला."

तिने उठवायचं ठरवलं. त्यांच्या आतल्या खोलीत कपडे वाळत घालायची दांडी होती, छताला टांगलेली, दोरीने वर-खाली होणारी. दोरीचा फास भिंतीवरच्या हुकात अडकवायचा. दुपारी शाळेतून आल्यावर, दादा-वहिनी ऑफिसात असताना, ती त्या ताणलेल्या दोरीला परकराची नाडी बांधायची आणि नाडीचं दुसरं टोक बोटाला. मनगट हलू नये म्हणून ओढणीने टेबलाला बांधलेलं. उजव्या हाताने गृहपाठ लिहायचा आणि डाव्या हाताची बाकीची बोटं टेबलावर चालवायची. असं तिने दोन आठवडे केलं. मग एका दुपारी दांडीवर दोन ओल्या चादरी होत्या आणि दोरीचा फास हुकातून सुटला. दांडी खाली आली. दोरी वर गेली, तिच्याबरोबर नाडी आणि बोट.

टेंडन तुटलेलं, सांधा सरकलेला. ऑपरेशन झालं. हॉस्पिटलमध्ये वहिनी औषधं आणायला खाली गेली तेव्हा ती मला हळूच म्हणाली, "काका, आईला सांगू नकोस हं."

"काय?"

"मी मुद्दाम बांधलेलं. त्या माणसासारखं."

ती बँडेजकडे बघत होती.

"त्याने कसं बांधलं असेल रे? मला नीट जमलं नाही."

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. पाठ होतं मला. मी म्हणालो, "आराम कर."

त्यानंतर घरात एक हकीकत ठरून गेली. कपडे काढताना दोरी सुटली, बोट अडकलं. वहिनी सगळ्यांना तेच सांगायची, तिला तेवढंच माहीत होतं. दादाने त्याच आठवड्यात दांडी उतरवून भंगारात दिली. एकदा जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला, "हुक मीच लावलेला. ढिला आहे हे दिसत होतं मला. करू, करू म्हणत राहिलो." वहिनी म्हणाली, "आता पुरे ते." मी भाकरीचा तुकडा मोडला. पुतणीने मान वर केली नाही. तिला वाटत होतं आपलं गुपित राहिलं. मला माहीत होतं कोणाचं राहिलं ते.

फिजिओथेरपीला तिला ठाण्याला, नौपाड्यात मी न्यायचो, सहा महिने. वहिनी लोकांना सांगायची, "भावोजींनी केलं तेवढं सख्खा मामा करणार नाही." बोट मधल्या सांध्यात वाकलेलं राहिलं, सांधा जाड झाला. पियानो तिने पुन्हा उघडला नाही. मी क्लास चालू ठेवला. जर्मन माणसाची गोष्ट तेवढी बंद केली. ती अकरा वर्षं मी रोज रात्री त्या घरात जेवलो. ती समोर बसायची. डाव्या हाताने आमटीची वाटी जवळ ओढायची तेव्हा चार बोटं वाटीला टेकायची आणि एक हवेत राहायचं. मी जेवायला गेलो नसतो तर कारण विचारलं गेलं असतं. क्लास बंद केला असता तरी विचारलं गेलं असतं.

या वर्षी तिचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, कल्याणजवळच्या गावातला. घरची पूर्वी शेती आणि मिठागरं, आता त्या जमिनीवर इमारती. साखरपुड्याच्या अंगठीसाठी नौपाड्यातल्या सोनाराकडे गेलो. ती, वहिनी, मुलाची आई आणि मी. दादाला सुट्टी मिळाली नव्हती.

सोनाराने मापाच्या कड्या काढल्या. सांध्यावरून जाईल अशी घेतली की खाली ती गोल फिरायची. खाली बसणारी सांध्यावरून जाईना. तो म्हणाला, "ताई, उजव्या हातात घाला की. हल्ली चालतं."

वहिनी म्हणाली, "छे छे, डाव्याच हातात बघा काहीतरी."

मुलाच्या आईने तिचा हात आपल्या हातात घेतला. बोलायला मोकळ्या आहेत त्या. "काय झालेलं गो बोटाला?"

वहिनीने तोंड उघडलं, पण पुतणीच हसत म्हणाली, "लहानपणी मूर्खपणा केलेला. मला पियानोवाली व्हायचं होतं. एक जर्मन माणूस होता, तो बोट दोरीने वर बांधून रियाज करायचा. म्हटलं आपणही करू. त्याला जमलं, मला नाही जमलं. चालायचंच."

"अगो बाय!" मुलाची आई म्हणाली. "आमच्या आजीची बोटं वाकडी झालेली, पण ती मीठ ओढून ओढून. तुझं भारीच काम हाय."

सोनार हसला. वहिनी हसली नाही. "हे कधी? दोरी सुटलेली ना?"

"सुटलेलीच, आई. माझं बोट तिला बांधलेलं होतं."

"आणि कोणी शिकवलं तुला हे असलं?"

पुतणीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "वाचलेलं कुठेतरी."

म्हणजे चौदाव्या वर्षी तिने मला सांभाळलं आणि पंचविसाव्या वर्षी पुन्हा. मी काउंटरच्या काचेखालच्या अंगठ्या बघत उभा होतो.

नंतर वहिनी आणि मुलाची आई शेजारच्या दुकानात साड्या बघायला गेल्या. आम्ही बाहेर पायरीवर थांबलो. समोर रिक्षांची रांग होती. मी रिक्षांकडे बघूनच म्हणालो, "त्यालाही जमलं नव्हतं."

"कोणाला?"

"त्या जर्मन माणसाला. बोट कायमचं गेलं त्याचं. म्हणून वाजवणं सोडलं त्याने."

ती हसली. "काका, आता मला बरं वाटावं म्हणून नवीन गोष्ट नको हं."

"पुस्तकात आहे."

"हो? कधी वाचलंस?"

'नंतर' हा शब्द तोंडात तयार होता. नंतर वाचलं, तुला सांगायचं राहून गेलं. तिने मानलं असतं, माझ्या सगळ्याच गोष्टी मानत आली होती. आणि मग मी त्या जेवणाच्या टेबलावर आणखी वीस वर्षं बसलो असतो.

"आधी," मी म्हणालो. "कार्यक्रमाच्या आधी. त्याच पानावर, पुढचं वाक्य."

एक रिक्षावाला "कुठे जायचंय?" विचारून गेला.

"हॉलमध्ये नाही सांगितलंस ते सोड. हॉस्पिटलमध्ये का नाही सांगितलंस? मी विचारलेलं तुला."

"हो."

"मी विचारलेलं, त्याने कसं बांधलं असेल."

"हो."

"नुसतं हो हो काय करतोस?" तिचा आवाज चढला, मग दुकानाकडे बघून तिने तो उतरवला. "मी अकरा वर्षं स्वतःला काय म्हणत आलेय, माहितीये? की खरे असतात त्यांना जमतं. तुझ्यात दम नव्हता, म्हणून तुटलं. ऑफिसात काही जमलं नाही तरी मी या बोटाकडे बघते. आणि बाबा? बाबा अजून कुठल्याही भिंतीवरचा हुक दिसला की हलवून बघतात."

मी म्हणालो, "मी घाबरलो."

"कोणाला? मी चौदा वर्षांची होते."

वहिनी साडीची पिशवी घेऊन बाहेर येताना दिसली तेव्हा पुतणी एवढंच म्हणाली, "आज रात्री बाबांना सांगायचं. तू. मी मध्ये पडणार नाही."

त्या रात्री जेवताना मी सांगितलं. पान, वाक्य, माईक, हॉस्पिटल, सगळं. दादाने मध्येच विचारलं, "म्हणजे हुक ढिला नव्हता?"

"ढिला असेलही. पण तिने बोट बांधलेलं नसतं तर नुसत्या चादरी पडल्या असत्या."

त्याने अर्ध्या ताटावरून उठून हात धुतले आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. वहिनीने ताटं गोळा केली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "भावोजी, लग्न होईपर्यंत हे या घरात राहू दे. मुलाकडच्यांच्या कानावर गेलं तर म्हणतील, कसली माणसं आहेत. आणि जेवायला रोजच्यासारखे येत जा. नाही आलात तर बिल्डिंगभर चर्चा."

म्हणून मी रोज जातो. दादा आमटीचं भांडं माझ्याकडे सरकवतो, बोलत नाही. पाहुणे आले की बोलतो, अगदी पूर्वीसारखा, पाठीवर थापसुद्धा मारतो. पाहुणे गेले की थांबतो. मला वाटलेलं, कबूल केलं की सुटका होईल. तीच खुर्ची आहे, आता फक्त सगळ्यांना माहीत आहे मी तिथे का बसलोय.

पुतणीने एक काम सांगितलं. "हॉलमध्ये ज्यांना ज्यांना ती गोष्ट सांगितलीस, त्यांना शेवट सांग. लिही, फोन कर, काय वाटेल ते कर. नावं घालू नकोस, आईचं ऐकायला हवं. पण सांग." म्हणून हे लिहितोय, आणि म्हणून यात कोणाचं नाव नाही.

लिहिण्याआधी फोन केले. जुन्या वह्यांमध्ये पालकांचे नंबर होते, त्यातले निम्मे लागले नाहीत. बहुतेकांना काही आठवत नव्हतं. एक मुलगा म्हणाला, "सर, तीच ना, आंधळ्या मुलीची? मस्त होती!" मी त्याला ती खोटी असल्याचंही सांगितलं. तो जरा नाराज झाला.

मग टिटवाळ्याची एक. माझ्याकडे पाच वर्षं शिकलेली, आता तिथल्या नव्या इमारतीत स्वतःचा कीबोर्डचा क्लास घेते. दुपारची वेळ, मागे मुलांचं वाजवणं चालू होतं.

"सर! किती वर्षांनी! ती बोटाची गोष्ट ना? अहो, मी सांगते की. दर वर्षी, नवीन मुलं आली की पहिल्या दिवशी."

मी विचारलं, "शेवट काय सांगतेस?"

"तुम्ही सांगायचात तोच. मी थोडं वाढवलंय, की मग तो जर्मनीतला सगळ्यात फास्ट वाजवणारा झाला. मुलांना आवडतं."

मी शेवट सांगितला. मग एका मुलीने तसं करून बघितलं आणि तिचं काय झालं, तेही सांगितलं. कोण मुलगी ते सांगितलं नाही. मग फोन तोंडापासून लांब धरल्यासारखा तिचा आवाज आला, "ए, थांबवा रे सगळे. थांबवा म्हटलं ना! हात पुढे करा. दोन्ही. बोटं सरळ करा बघू."

वाजवणं थांबलं. खुर्च्या सरकल्या. एक पोरगं हसलं, त्याला ती रागावली. मी फोन कानाशी घट्ट धरून उभा होतो. ती एकेकाचं नाव घेत पुढे चालली होती.

"सर, सगळ्यांची ठीक आहेत," ती शेवटी म्हणाली. "एक मुलगी आज आलेली नाही."

"का?"

"माहीत नाही. तिच्या आईला विचारून मेसेज करते."

मेसेज यायला दीड तास लागला. तेवढ्या वेळात मी काही केलं नाही, बसलोही नाही. ताप आलाय, बोटांना काही नाही, आणि मुलांना आजच खरा शेवट सांगितला, असं तिने लिहिलेलं. मी तो मेसेज तसाच्या तसा चौथ्या मजल्यावर, पुतणीला पाठवला. खुणा लगेच निळ्या झाल्या. उत्तर अजून आलेलं नाही. आठ वाजले की जेवायला वर जायचं आहे.